दोनशे अकरा नंबरचं झाड

सिस्टरांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, तरी त्यांना सिस्टर सोडून दुसरं काही म्हणायची कुणाची टाप नव्हती. दूधवाला सिस्टर म्हणे, खालचा वॉचमन सिस्टर म्हणे, आणि घरात नवरासुद्धा कधी रागात, कधी लाडात सिस्टरच म्हणे. नवऱ्याने चाळीस वर्षं लोकांची मनगटी घड्याळं दुरुस्त केलेली, त्यामुळे त्याला सगळी गल्ली घड्याळजी म्हणायची. दोघांची खरी नावं बँकेच्या पासबुकावर होती आणि तिथेच सुखाने नांदत होती.

एकतीस वर्षं सिस्टरांनी सरकारी रुग्णालयाच्या प्रसूती वॉर्डात काढली. हल्ली बाळाच्या हाताला छापील प्लास्टिकची पट्टी असते. त्यांच्या काळात पांढऱ्या कापडी पट्टीवर शाईने आईचं नाव, जन्माची वेळ आणि मुलगा की मुलगी एवढं लिहायचं आणि ती मनगटाला बांधायची. बांधायची रीत ठरलेली होती. एका नर्सने नोंदवहीतलं नाव वाचायचं, दुसरीने पट्टीवरचं वाचायचं, मग आईने ‘हो’ म्हणायचं. तिघींचं जमलं की गाठ. या बाबतीत सिस्टरांनी कुणाचा मुलाहिजा ठेवला नाही. घाईत आलेल्या बड्या डॉक्टरांनाही त्यांनी एकदा दारात तिष्ठत ठेवलं होतं, आईचं ‘हो’ आल्याशिवाय आत येऊ नका म्हणून. निरोपाच्या कार्यक्रमात तेच डॉक्टर म्हणाले, “नऊ हजारांवर बाळं, आणि सिस्टरांच्या हातून एक पट्टी चुकली नाही.” टाळ्या वाजल्या. सिस्टरांनी ते वाक्य घरी आणलं आणि दागिन्यासारखं जपलं. घरी पाहुणा आला की चहाबरोबर ते वाक्य ठरलेलं. घड्याळजींना ते इतकं पाठ झालं होतं की सिस्टर दम घ्यायला थांबल्या तर पुढचं तेच म्हणून टाकायचे.

निवृत्तीनंतर गुडघे कुरकुरू लागले. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून त्या गावाबाहेरच्या तलावाकाठच्या पायवाटेवर जाऊ लागल्या. अडीच किलोमीटरची वाट, दोन्ही बाजूंना झाडं, आणि त्या झाडांना नावाच्या पाट्या लावणारी हौशी मंडळी. पहिल्याच आठवड्यात सिस्टरांना एका खोडात खिळा ठोकून बसवलेली पाटी दिसली. खिळ्याभोवतालची साल सुजल्यासारखी वर आली होती आणि पाटीचा एक कोपरा झाडाने गिळला होता. सिस्टरांनी तिथल्या तिथे मंडळींची हजेरी घेतली. “उद्या तुमच्या दंडाला घट्ट तार बांधून वर्षभर ठेवली तर चालेल का?”

मंडळींच्या प्रमुख होत्या प्राध्यापकबाई. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, किडकिडीत, भर उन्हात छत्री धरून चालणाऱ्या. त्यांनी न रागावता विचारलं, “मग कशी लावू या, तुम्हीच सांगा.” झालं, सिस्टर अडकल्या त्या अडकल्याच. तेव्हापासून मंडळी पाट्या तारेने बांधू लागली. तारेत एक स्प्रिंग, म्हणजे खोड वाढलं की तारही ताणली जाते. दर वर्षी प्रत्येक तार सैल करायची. पाटी तळहाताएवढी, ॲल्युमिनियमची, तिच्यावर हातोडीने एकेक अक्षराचा ठसा मारायचा. प्राध्यापकबाईंचा नियम होता की पान, फूल आणि फळ तिन्ही डोळ्यांनी पाहिल्याशिवाय झाडाला पाटी नाही. वहीत तिन्हींचे तीन रकाने, दिसेल तशी खूण करायची. एखाद्या झाडाला सहा महिने लागत, एखाद्याला दोन वर्षं. त्यावर सिस्टरांनी आपली वॉर्डातली रीत चढवली. एकाने वहीतून वाचायचं, दुसऱ्याने पाटीवरून, आणि मग तार. बाकीची मंडळी पाठीमागे हसली, पण वाचू लागली.

सहा वर्षांत तीनशे सतरा झाडं झाली. अकरा जणांची मंडळी मात्र चौघांवर आली. कुणी मुलांकडे राहायला गेलं, कुणाची पाठ धरली, एक जण तर नुसताच यायचा थांबला. पाट्या भंगारात विकायला चोरीला जात. पोरंपोरी त्यांच्यावर बाण लागलेले बदाम कोरत, ते खरवडणार कोण? सिस्टरच. पावसात तारा गंजत, पावसानंतर गवत छातीपर्यंत वाढलेलं असे, आणि त्यात उतरताना सिस्टर आता आधी खाली बसत, मग सरकत, मग काठी टेकून उठत. घरी आल्यावर घड्याळजी गरम पाण्याची पिशवी देत आणि म्हणत, “झाडं स्वतःची नावं स्वतः सांगायला कधी शिकणार?” या उन्हाळ्यानंतर पुरे, असं सिस्टरांनी ठरवलं होतं. प्राध्यापकबाईंना तसं सांगूनही झालं होतं. बाईंनी आर्जव केलं नाही. त्याही दमल्या होत्या.

एका सकाळी प्राध्यापकबाईंचा फोन आला. “सिस्टर, जमलं तर आज या. दोनशे अकराशी.”

दोनशे अकरा नंबरच्या झाडाला चार वर्षांपूर्वी ‘शिरीष’ अशी पाटी लागली होती. त्याच्या शेजारी, हाताच्या अंतरावर, आणखी एक मोठं झाड होतं. दोघांच्या फांद्या वर एकमेकींत इतक्या गुंतल्या होत्या की कुणाची कुठली ते कळू नये. ते शेजारचं झाड विजेच्या तारांवर कललं म्हणून गेल्या वर्षी कापून नेलं. त्या जागी आभाळ मोकळं झालं, भरपूर ऊन आलं, आणि दोनशे अकरा यंदा पहिल्यांदाच धड फुललं. सिस्टर पोचल्या तेव्हा प्राध्यापकबाई छत्री मिटून उभ्या होत्या. झाडाखाली सगळी जमीन जांभळी झाली होती. वर एकही पान नाही, नुसते जांभळे झुबके. शिरीषाचं फूल पांढरट हिरवं, पावडर लावायच्या पफसारखं असतं हे सिस्टरांना आता झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. समोर होता तो नीलमोहर.

 सिस्टरांनी पाटी वाचली, वर बघितलं, पुन्हा पाटी वाचली.

“माझंही चुकलंच की,” प्राध्यापकबाई म्हणाल्या. “चार वर्षं मी इथून जातेय. दोन्हींची पानं पिसासारखी, वर सगळा गुंता. आणि खरं सांगू का, पाटी दिसली की माणूस मान वर करत नाही. मीही नाही केली.”

“पाटी मी लावली.”

“अहो, ठीक आहे. नवीन ठोकून आणलीय मी.” बाईंनी पिशवीतून पाटी काढली. “पाच मिनिटांचं काम. कुणाला कळणारही नाही.”

“कळायला हवं,” सिस्टर म्हणाल्या. “वहीत लाल शाईने लिहा. तारीख घाला.”

प्राध्यापकबाई हसल्या. त्यांचा हेतू चांगलाच होता. “सिस्टर, झाड आहे हो ते. चार वर्षं शिरीष म्हटलं म्हणून त्याचं काय बिघडलं? बाळांची अदलाबदल थोडीच झालीय.”

पाटी बदलून झाली. सिस्टरांनी नेहमीसारखं मोठ्याने वाचलं, बाईंनी वहीतली नवी लाल नोंद वाचली, तार बसली. मग सिस्टरांनी वही मागून घेतली आणि दोनशे अकराची ओळ काढली. पानाच्या रकान्यात खूण होती, फुलाच्या रकान्यात होती, फळाच्याही. तिन्ही खुणा एकाच पेनच्या, एकाच झटक्यात मारलेल्या. बाकी कुठल्याही झाडाच्या तीन खुणा वेगवेगळ्या शाईच्या होत्या, कारण मधे महिने गेलेले असत. हे सिस्टरांखेरीज कुणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं.

त्यांना तो दिवस आठवला. घड्याळजी हृदयाच्या झटक्याने दवाखान्यात होते, मुलगा परगावी, त्याला पोचायला दोन दिवस लागणार. सिस्टरांनी तीन रात्री खुर्चीत काढल्या होत्या. दुपारी नवऱ्याला झोप लागली म्हणून जरा मोकळ्या हवेत येऊ म्हणून त्या पायवाटेवर आल्या. पिशवीत वही आणि शिरीषाची एक पाटी राहून गेली होती. झाडं पानगळीत उघडी पडलेली. खाली शिरीषाच्या वाळक्या शेंगांचा खच होता, शेजारच्या झाडाच्या. बरोबर कुणी नव्हतं. सिस्टरांनी वहीतून स्वतःच वाचलं, पाटीवरून स्वतःच वाचलं, आणि स्वतःच हो म्हटलं. फूल त्यांनी पाहिलंच नव्हतं. एक काम तरी उरकलं, एवढंच त्यांना त्या दुपारी हवं होतं.

असं एकटीने वाचून एकटीने हो म्हणणं त्यांनी आयुष्यात आणखी एकदाच केलं होतं. ते त्यांना तिथे, जांभळ्या फुलांवर उभ्या असताना आठवलं.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी रुग्णालयात कर्मचाऱ्यांचं कामबंद चालू होतं. वॉर्डात सिस्टर एकट्या. भर दुपारी दीड तासात तीन बाळंतपणं. एक मुलगी, दोन मुलगे. मुलीचा प्रश्न नव्हता. एका मुलाच्या आईचं पोट चिरून मूल काढलेलं, ती बेशुद्ध. दुसरीला इतका त्रास झालेला की ती डोळे उघडायला तयार नव्हती. दोन्ही मुलं गरम दिव्याखाली एकाच पाळण्यात ठेवली होती, कारण दुसऱ्या पाळण्याचा दिवा गेला होता. डावीकडचा हिचा, उजवीकडचा तिचा. तेवढ्यात मुलीच्या आईला रक्तस्राव सुरू झाला. सिस्टर धावल्या, वीस मिनिटं तिकडे होत्या. ती बाई वाचली. परत येऊन त्यांनी दोन पट्ट्या लिहिल्या, वहीतून वाचल्या, पट्ट्यांवरून वाचल्या, हो म्हटलं आणि बांधल्या. डावीकडचा हिचा, उजवीकडचा तिचा. त्यांची खात्री होती. अठ्ठावीस वर्षं होती. पण खात्री तर दोनशे अकराचीही होती.

त्यानंतरचे पंधरा दिवस घरात वाईट गेले. सिस्टर भाजी फोडणीला टाकून गॅसपाशी नुसत्या उभ्या राहायच्या. पाहुणे आले तेव्हा चहा आला, वाक्य आलं नाही. घड्याळजींनी दम घ्यायची वाट पाहिली, शेवटी विषय बदलला. सिस्टर बसमध्ये अठ्ठाविशीच्या मुलांकडे बघू लागल्या. एकाने उठून जागा दिली तर त्या बसेनात, त्याच्या कपाळाकडे, कानांकडे पाहत राहिल्या. ज्याच्यावर आपण आयुष्यभर उभे होतो तेच खालून निघालं, असं त्यांना वाटत होतं. नऊ हजारांतली दोन, असं मनाला समजवावं तर त्या दोघांसाठी ती दोन नव्हती, सगळं आयुष्य होतं.

एक दिवस त्या रुग्णालयात गेल्या. रेकॉर्डच्या खोलीतला कारकून ओळखीचा निघाला, उठून उभा राहिला, खुर्ची पुसून दिली. सिस्टरांनी साल सांगितलं.

“ते सगळं गेलं, सिस्टर,” तो म्हणाला. “वीस वर्षांच्या वरचं काही ठेवत नाहीत. जागाच नाही. काही काम होतं का?”

“नाही, सहज,” सिस्टर म्हणाल्या. नावं त्यांना आठवत नव्हती. एकीच्या हातावर भाजल्याचा डाग होता, तेवढंच आठवत होतं.

घरी येऊन त्यांनी जाहीर केलं की एक ते तीनशे सतरा सगळ्या पाट्या पुन्हा तपासायच्या. सोडायचं होतं ना, असं घड्याळजींनी विचारलं. सिस्टर काठी दाराशी आणून ठेवत होत्या. जोडीला वाचायला कोण, तर कुणी नाही. मंडळींतल्या चौघांपैकी एकाचा मोतीबिंदू काढलेला, एक लेकीच्या बाळंतपणाला गेलेली, आणि प्राध्यापकबाईंना ताप. तेव्हा घड्याळजी स्वतःच निघाले. आयुष्यभर स्टुलावर बसून बारीक स्क्रू फिरवणारा माणूस, पन्नास पावलं चालला की बाक शोधायचा. छातीत दोन स्टेंट. पण वही त्यांनी हातात घेतली आणि चष्म्यावर आपलं जुनं भिंगही लावून आले.

दिवसाला वीस-पंचवीस झाडं व्हायची. घड्याळजी वाचायचे, सिस्टर पाटी वाचायच्या, मान वर करून पान शोधायच्या, कुठे नुसत्या काड्या असल्या तर पुढच्या खेपेसाठी खूण ठेवायच्या. चुका निघाल्या नाहीत. एकेक बरोबर निघत गेली तसतशा सिस्टर जास्तच गप्प होत गेल्या. घड्याळजींना ते उलटं वाटलं. शंभर झाडं बरोबर निघाली तर माणसाला हायसं वाटायला हवं, आणि हिचा चेहरा पडतोय.

नवव्या दिवशी, संध्याकाळच्या उन्हात, ते दोनशे दहा करून बाकावर बसले. पुढचं झाड समोर होतं. फुलं गळून गेली होती, कोवळी पानं फुटली होती.

“आता सांग,” घड्याळजी म्हणाले. “नऊ दिवस मी तुझ्यामागे वही घेऊन फिरतोय. झाडासाठी कुणी एवढं करत नाही.”

सिस्टरांनी सांगितलं. कामबंद, दिवा, पाळणा, रक्तस्राव, डावा, उजवा, सगळं. सांगताना त्यांचा आवाज वॉर्डात पाळी बदलताना माहिती देतात तसा कोरडा होता. “दोघांनी वाचलेल्या सगळ्या पाट्या बरोबर निघताहेत, मी एकटीने वाचलेली तेवढी चुकली. त्या दुपारीही माझ्याबरोबर कुणी नव्हतं,” त्या शेवटी म्हणाल्या. “आणि हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. टाळ्या घेतल्या.”

घड्याळजी बराच वेळ भिंगाची काच पुसत राहिले.

“आपल्या पोराची पट्टी कुणी बांधली होती गं?”

“दुसऱ्या पाळीच्या सिस्टरने. मला कुठे शुद्ध होती.”

“ती एकटी होती, का जोडीला कुणी होतं?”

सिस्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. “माहीत नाही.”

“विचारलं नाहीस? तू?”

“नाही.”

“मग आता विचारायचं का? ती सिस्टर असेल अजून कुठेतरी. पत्ता काढता येईल.”

“काही गरज नाही,” सिस्टर फाडकन म्हणाल्या. “तो माझा आहे. कुणी काही म्हणो.”

बोलून झाल्यावर त्यांना स्वतःचे शब्द ऐकू आले. त्या दोन आया कुठे असतील तिथे हेच म्हणतील, आणि असंच, फाडकन. पट्टी बरोबर असली तरी म्हणतील, चुकली असली तरी म्हणतील. दोघी आपापल्या मुलाचा ताप उतरवत बसल्या असतील, त्याच्या मार्कांवरून रडल्या असतील, आणि कुणी विचारायला गेलं तर त्याला दारातून हाकलतील. म्हणजे चूक झालीही असेल तर ती आता कुणालाच नको होती. ती एकट्या सिस्टरांपाशी राहणार होती. हे कळल्यावर बरं वाटेल अशी घड्याळजींची अपेक्षा होती. सिस्टरांना रडू आलं. वॉर्डात एकतीस वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं तसं, तोंड उघडं टाकून, नाक न पुसता त्या रडल्या.

“हे उत्तर नाही हो,” त्या म्हणाल्या.

“नाहीच. माझ्याकडे एवढंच आहे.”

समोरून फिरायला आलेलं एक जोडपं त्यांना बघून वाटेच्या पलीकडच्या कडेने गेलं. घड्याळजींनी वही मिटली. अजून एकशे सात झाडं राहिली होती, पण सिस्टर उठल्या नाहीत आणि त्यांनीही उठ म्हटलं नाही.